पीडीएफ चढवली म्हणजे अंक ऑनलाइन आला का?

त्रैमासिकाचा अंक छापायला गेला की डीटीपी करणाऱ्याकडून पीडीएफ मागवायची, ती संस्थेच्या संकेतस्थळावर चढवायची आणि अंक ऑनलाइन आला असं समजायचं, ही पद्धत मराठी संशोधनपत्रिकांमध्ये सर्रास दिसते. फाइल उघडते, पानं दिसतात, त्यामुळे काही राहिलंय असं वाटत नाही. पण त्यातला लेख शोधयंत्राला सापडत नाही. त्याचा संदर्भ देणाऱ्याला भरवशाचा पत्ता मिळत नाही. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर त्यावर अडखळतो. आणि संकेतस्थळाचं नूतनीकरण एकदा चुकलं की अख्खा संच नाहीसा होतो.

जगातल्या पहिल्या दोन संशोधनपत्रिका १६६५ साली निघाल्या, जानेवारीत पॅरिसला आणि मार्चमध्ये लंडनला. पुढे हळूहळू चार कामं पत्रिकेकडे आली: कोणी काय आधी मांडलं याची नोंद ठेवणं, मजकूर जाणकारांकडून तपासून घेणं, तो इतरांपर्यंत पोचवणं आणि तो टिकवणं. यातली शेवटची दोन कामं कागद परस्पर करत असे. अंक पोस्टात पडला की पोचला. ग्रंथालयांनी वर्षाचे अंक बांधून कपाटात ठेवले की टिकला. संपादकाला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नव्हतं. डिजिटल रूपात मात्र प्रत्येक कामाची तजवीज मुद्दाम करावी लागते, आणि ती केली नाही तरी पडद्यावर काही चुकल्याचं दिसत नाही. अडचणीचं मूळ इथेच आहे.

फाइलीत अक्षरं आहेत की नुसते आकार?

पडद्यावर दिसणारं ‘मराठी’ आणि फाइलीत साठवलेलं ‘मराठी’ एकच असेल असं नाही. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टंकलेल्या मजकुरात देवनागरी अक्षर मुळी साठवलेलंच नसतं. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टंकलं तर फाइलीत ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं जातात. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. शोधयंत्र, स्क्रीन रीडर, भाषांतराची साधनं आणि वाङ्मयचौर्य तपासणारी सॉफ्टवेअर यांना आकार दिसत नाहीत, ती साठवलेली रोमन अक्षरंच वाचतात. म्हणून अशा फाइलीत दुसऱ्याच्या लेखातला परिच्छेद शब्दशः उचलून टाकला तरी तपासणीत तो निर्दोष ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि ६० टक्क्यांपुढे सर्वांत कडक कारवाई आहे. मोजणाऱ्या यंत्राला मराठी दिसतच नसेल तर या टक्क्यांना काही अर्थ उरत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो, आणि देवनागरीसाठी १२८ जागांचा पट्टा राखलेला आहे. तो क्रमांक फॉन्टवर अवलंबून नसतो, म्हणून मजकूर कुठेही नेला तरी मराठीच राहतो. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक फुकट मिळतात, पण त्यांच्या हाती फाइल देऊन निर्धास्त होता येत नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, कारण ती डावीकडे दिसते; युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवावी लागते. रफाराचं उलटं आहे. जुन्या फॉन्टात ‘धर्म’ म्हणजे ध, म आणि मग रफार. युनिकोडमध्ये ध, र, हलन्त, म. परिवर्तकाला हे क्रम फिरवावे लागतात, आणि ‘मूर्तिपूजा’सारख्या शब्दात वेलांटी व रफार एकाच अक्षरावर आले की तो हमखास गडबडतो.

त्याहून मोठं नुकसान तळटीपांत होतं. परिवर्तक सगळीच रोमन अक्षरं देवनागरीत बदलत सुटतो, त्यामुळे इंग्रजी ग्रंथनामांचं आणि लेखकनामांचं विचित्र मराठी होतं, आणि मूळ फाइल जपलेली नसेल तर ते परत मिळवणं कठीण जातं. यावर उपाय असा: वर्डमध्ये ‘शोधा’ खिडकीत फॉन्टचं नाव देऊन फक्त जुन्या मराठी फॉन्टातला मजकूर निवडायचा आणि तेवढाच परिवर्तकात घालायचा. मूळ फाइलीला हात न लावता प्रतीवर काम करायचं. नंतरच्या मुद्रितशोधनात ऱ्हस्व वेलांटी, रफार, ‘ऱ्य’ आणि अवतरणचिन्हं यांच्यावर वेगळी नजर फिरवायची. कोणत्या फॉन्टासाठी कोणता परिवर्तक हेही पाहावं लागतं, कारण दोन जुन्या फॉन्टांत एकच कळ वेगवेगळी अक्षरं दाखवू शकते.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक छुपी अडचण उरते. काही मराठी अक्षरं दोन प्रकारांनी साठवता येतात आणि दिसायला तंतोतंत सारखी असतात. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी, आणि कित्येक कळफलकांवर आजही, ‘अ’ टंकून त्यावर चंद्र दिला जातो. ‘दुसऱ्या’तला अर्धा र ‘ऱ’ला हलन्त जोडून येतो, तसाच साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही येतो. एकाच अंकात दोन लेखकांनी दोन पद्धती वापरल्या तर एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातले लेख सापडतीलच असं नाही. पत्रिकेने एक रूप ठरवावं, शक्यतो एकसंध ‘ॲ’ आणि ‘ऱ’ला हलन्त, आणि लेख हाती येताच सगळीकडे तेच करून घ्यावं. संगणकावर हे दोन मिनिटांचं काम आहे. अंक निघाल्यावर ते कोणी करत नाही.

आता पीडीएफ. मजकूर युनिकोडमध्ये टंकला तरी पीडीएफमध्ये तो शाबूत उतरेल याची खात्री नसते, कारण पीडीएफ मुळात पानावर कुठला आकार कुठे बसवायचा याची नोंद ठेवते. ‘र्थ्यां’सारखा आकार कोणत्या अक्षरांनी बनला हे तिला वेगळं सांगावं लागतं. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडावा आणि निर्यात करताना टॅग्ड पीडीएफचा (मथळे, परिच्छेद यांची रचना जपणाऱ्या पीडीएफचा) पर्याय चालू ठेवावा. वर्डमध्ये ‘प्रिंट’मधून पीडीएफ काढू नये, ‘सेव्ह ॲज’ वापरावं. छपाईच्या मार्गाने गेल्यास मथळे, परिच्छेद यांची रचना गळून पडते. मग एक परीक्षा घ्यावी. तयार पीडीएफमधला एखादा परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि ‘विद्यार्थ्यांच्या’, ‘निर्मिती’, ‘दुसऱ्या’, ‘ॲरिस्टॉटल’ अशा शब्दांची अक्षरं जागेवर आहेत का पाहावं. तळटीप पानाच्या मधोमध घुसली नाही ना, हेही तिथेच कळतं. परीक्षेत फाइल नापास झाली तर हट्टाने पीडीएफ सुधारत बसण्यापेक्षा लेखाचा पूर्ण मजकूर वेबपानावरही द्यावा. तिथे अक्षरं मूळ क्रमाने राहतात, शोधयंत्राला वाचता येतात, आणि मोबाइलवर पान डावीउजवीकडे सरकवत बसावं लागत नाही.

जुन्या छापील अंकांचं स्कॅनिंग करताना इंचाला ३०० ठिपके ही खालची मर्यादा मानावी. बारीक तळटीपा असतील तर ४००. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी, वाचकाला द्यायची हलकी प्रत तिच्यावरून करावी. स्कॅन म्हणजे छायाचित्र. त्यातून अक्षरं काढायला ओसीआर लागतं. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, पण झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं आणि अनुस्वार चुकतात. शिवाय १९६२ च्या लेखननियमांआधीच्या मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘करावें’ असे अनुस्वार असतात. मूळ लेखन बदलायचं नाही, हे तर पक्कंच. म्हणून प्रत्येक जुन्या लेखाला आजच्या लेखनातलं शीर्षक आणि पाच-सहा विषयशब्द वेगळे जोडावेत, म्हणजे ‘काही’ शोधणाऱ्याला ‘कांहीं’वाला लेखही भेटतो. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था शतकाहून अधिक काळ काम करत आहेत. अशा ठिकाणच्या जुन्या छापील सामग्रीचा उपयोग किती लोकांना होणार हे या कष्टाच्या कामावर ठरतं.

तीन क्रमांक, तीन वेगळी कामं

आयएसएसएन हा पत्रिकेचा क्रमांक. भारतात तो नवी दिल्लीच्या सीएसआयआर-निस्पर या संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक लागतात, आणि पत्रिकेचं नाव बदललं तर नवा घ्यावा लागतो. आठ अंकांतला शेवटचा अंक तपासणीचा असतो. ०३७८-५९५५ हा क्रमांक घेऊ. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज केली तर १६० येते. तिला ११ ने भागल्यावर बाकी ६ राहते. ११ मधून ६ गेले, उरले ५. शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे क्रमांक रचनेने बरोबर. (वजाबाकी १० आली तर शेवटी रोमन एक्स येतो, बाकी शून्य असेल तर शून्य.) कुणाच्या मुखपृष्ठावरचा क्रमांक या हिशेबात बसला नाही तर तो मनाने छापलेला आहे किंवा मुद्रणात चुकला आहे. बसला तरी तो त्याच पत्रिकेचा आहे का, हे आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर पाहावं. आणि आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. ग्रंथालयाच्या दाखल-अंकाइतकाच त्याचा अर्थ.

डीओआय हा लेखाचा क्रमांक. तो ‘१०.’ने सुरू होतो. त्यापुढचे अंक प्रकाशकाचे, तिरकी रेघ, आणि नंतरचा भाग प्रकाशकाने ठरवलेला. संशोधनलेखांसाठी तो मुख्यतः २००० साली सुरू झालेल्या क्रॉसरेफ या संस्थेकडून घेतला जातो. वार्षिक सभासदत्व आणि नव्या लेखामागे साधारण १ डॉलर असा खर्च येतो. काम कसं चालतं? संकेतस्थळाचा पत्ता बदलतो, डीओआय बदलत नाही. क्रॉसरेफकडे ‘हा क्रमांक म्हणजे अमुक पत्ता’ अशी नोंद असते. पत्ता बदलला की प्रकाशकाने ती नोंद दुरुस्त करायची. म्हणजे डीओआयमध्ये टिकाऊपणा आपोआप येत नाही. प्रकाशकाने दिलेला तो शब्द असतो. संकेतस्थळ नवीन केलं आणि नोंदी दुरुस्त केल्या नाहीत तर सगळे डीओआय एका दिवसात मोडतात.

चुका ठरलेल्या आहेत. लेखाच्या पहिल्या पानावर डीओआय छापलेला असतो, पण क्रॉसरेफकडे नोंदवलेलाच नसतो; डीओआय डॉट ओआरजी या पत्त्यापुढे तो जोडून उघडला की लगेच कळतं. कधी अख्ख्या अंकाला एकच डीओआय दिलेला असतो, म्हणजे एका लेखाचा संदर्भ द्यायची सोयच राहत नाही. कधी क्रमांकात खंड, अंक, वर्ष, संपादकाची आद्याक्षरं असं सगळं कोंबलेलं असतं आणि लेख पुढच्या अंकात ढकलला गेला की क्रमांक खोटा ठरतो. पुढचा भाग निरर्थक आणि छोटा असलेलाच बरा. सभासदत्वाचे पैसे नसतील तर झेनोडो या सर्न (युरोपातली अणुसंशोधन संस्था) चालवत असलेल्या भांडारात लेख ठेवावा. २०१३ पासून चालू असलेली ही सेवा डीओआय फुकट देते. ते डेटासाइट या संस्थेकडे नोंदलेले असतात आणि तितकेच खरे असतात.

तिसरा क्रमांक लेखकाचा: ऑर्किड, सोळा अंकी, २०१२ पासून, फुकट. मराठी लेखकांना याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. एकाच आडनावाची रोमन स्पेलिंगं दोन-तीन असतात, आद्याक्षरं कधी दिली जातात कधी नाही, लग्नानंतर नाव बदलतं, एकाच विद्यापीठात एकाच नावाचे दोघे असतात. ऑर्किड नसेल तर एका माणसाचं काम यंत्राच्या लेखी चौघांत वाटलं जातं.

लेखासोबत जाणारी माहिती

शोधयंत्रं आणि सूची लेख पुढे वाचतात. आधी वाचतात ती लेखाविषयीची माहिती: शीर्षक, लेखक, सारांश, विषयशब्द, भाषा, खंड, अंक, पृष्ठं, परवाना, संदर्भयादी. शीर्षक आणि सारांश मराठी व इंग्रजी दोन्हींत द्यावेत. मराठीत लिहिणाऱ्याने इंग्रजी सारांश देणं म्हणजे मराठीला कमी लेखणं नाही. मराठी न वाचणाऱ्या अभ्यासकाला इथे असं काम झालंय हे कळायचा बहुधा तो एकमेव मार्ग असतो. भाषेच्या रकान्यात ‘इंग्रजी’ हे ठरीव उत्तर तसंच राहू देऊ नये. संदर्भयादीतली प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीवर असावी, ‘उनि’ (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे वर सांगितलेलं) आणि ‘तत्रैव’ (तिथेच) फक्त तळटीपांत. यंत्राला ‘तत्रैव’ म्हणजे कुठे ते कळत नाही.

गूगल स्कॉलरच्या अटी साध्या आहेत, पण पीडीएफ चढवणारे बहुतेक त्यांत अडकतात. प्रत्येक लेखाची फाइल वेगळी हवी, ती ५ एमबीच्या आत हवी, शीर्षक पहिल्या पानावर मोठ्या टाइपात आणि लेखकाचं नाव त्याखाली हवं, सारांश लॉगिनशिवाय दिसायला हवा. १२० पानांच्या अंकाची ४० एमबीची एकच फाइल यातलं काहीच पाळत नाही. शिवाय आज लेख अंकापासून सुटून व्हॉट्सॲपवर फिरतो. म्हणून प्रत्येक लेखाच्या पहिल्या पानावरच पत्रिकेचं नाव, खंड, अंक, वर्ष, पृष्ठं आणि डीओआय असावेत. ते नसतील तर लेख वाचला जातो, पण तो कुठला हे कुणालाच सांगता येत नाही.

हे सगळं हाताने करायची गरज नाही. ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजे ओजेएस, हे मुक्त सॉफ्टवेअर लेख स्वीकारण्यापासून परीक्षण, संपादन आणि प्रकाशनापर्यंतचा प्रवास एका जागी ठेवतं आणि वरची माहिती योग्य रूपात बाहेर देतं. साध्या होस्टिंगवर ते चालतं. बसवताना तीन गोष्टी चुकतात. लेखांच्या फाइलींचा फोल्डर संकेतस्थळाच्या उघड्या भागातच ठेवला जातो, म्हणजे परीक्षणाखालचे लेखही कुणालाही उतरवता येतात. तो बाहेर हवा. ईमेलची मांडणी नीट न केल्याने परीक्षकांना जाणारी पत्रं स्पॅममध्ये पडतात आणि ‘परीक्षक उत्तर देत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. आणि सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या वर्षानुवर्षं चढवल्या जात नाहीत, त्यामुळे एक दिवस मुखपृष्ठावर भलत्याच जाहिराती दिसतात. बॅकअप घेताना डेटाबेस आणि फाइलींचा फोल्डर दोन्ही घ्यावे लागतात. एकाशिवाय दुसऱ्याचा काही उपयोग नाही.

लेखक आणि परीक्षक यांची नावं एकमेकांपासून लपवायची असतील तर लेखाच्या वर्ड फाइलीच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहिलं नाही ना, आणि परीक्षकाच्या शेऱ्यांवर त्याचं नाव उमटलं नाही ना, हे पाहावं. मराठीत एका विषयाचे जाणकार मोजकेच असतात. एवढ्याशा दुर्लक्षाने संबंध बिघडतात.

चूक सापडली तर

छापील अंकात चूक झाली की पुढच्या अंकात शुद्धिपत्र येई आणि मूळ अंक तसाच राही. ऑनलाइन संपादकाला मोह होतो की फाइल काढावी, दुरुस्त करून परत ठेवावी, कुणाला काय कळणार. हे करू नये. मधल्या काळात कुणी जुन्या फाइलीतलं वाक्य उद्धृत केलं असेल तर ते आता कुठेच सापडणार नाही आणि उद्धृत करणारा खोटा पडेल. टंकनदोषापलीकडची कोणतीही दुरुस्ती स्वतंत्र सूचना म्हणून, तारखेसह, स्वतःच्या डीओआयसह प्रसिद्ध करावी आणि दोन्ही पानं एकमेकांना जोडावीत. लेख मागे घ्यावा लागला तरी मूळ पान पुसायचं नाही; पानापानावर ‘मागे घेतला’ असा ठळक शिक्का आणि कारणाची सूचना द्यायची.

मागे घेण्याची वेळ आता वारंवार येते. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून अधिक लेख मागे घेतले गेले. त्यातले बहुतांश हिंदावी या एकाच प्रकाशनाच्या पत्रिकांतले होते, जिथे संघटितपणे बनावट लेख आणि बनावट परीक्षणं शिरवली गेली होती. त्याच वर्षी क्रॉसरेफने रिट्रॅक्शन वॉच ही मागे घेतलेल्या लेखांची नोंदवही विकत घेऊन सर्वांना खुली केली. संदर्भ देण्याआधी त्यात नाव पाहणं ही आता तळटीप तपासण्याइतकीच नेहमीची बाब व्हायला हवी.

पैसा कोण देतो, आणि कोण उकळतो

१९९१ च्या ऑगस्टमध्ये पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत भौतिकशास्त्राच्या अप्रकाशित लेखांचं जे भांडार सुरू केलं, ते अर्काइव्ह. लेख परीक्षणाआधीच सर्वांना वाचायला मिळाला तर शास्त्र थांबत नाही, हे त्याने दाखवून दिलं. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने खुल्या प्रवेशाची, म्हणजे संशोधन सर्वांना फुकट वाचायला मिळण्याची, मागणी शब्दांत मांडली. मोठ्या प्रकाशकांनी त्यावर काढलेली वाट अशी की वाचकाऐवजी लेखकाने पैसे द्यावे. २०२१ पासून ‘नेचर’मध्ये लेख खुला ठेवायचा दर ९,५०० युरो असा जाहीर झाला. आपल्याकडे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजनेला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. गावातल्या सरकारी महाविद्यालयाला हे वाचायला मिळणं मोठी गोष्ट आहे. पण ती वाचण्यासाठीची योजना आहे. मराठी त्रैमासिक नीट ऑनलाइन आणण्याचा खर्च त्यात बसत नाही. तो वर्षाला फार नसतो. होस्टिंग, डोमेन, डीओआय आणि मुद्रितशोधकाचं मानधन, बस. विद्यापीठाने किंवा संस्थेने तो उचलावा, लेखकाकडून आणि वाचकाकडून काही घेऊ नये, हाच मार्ग मराठीला परवडणारा आहे.

लेखकाकडून पैसे घेण्याच्या पद्धतीतूनच बनावट पत्रिकांचं पीक आलं. बढतीसाठी प्रसिद्ध लेखांची संख्या लागते म्हटल्यावर गिऱ्हाईक तयारच होतं. मे २०१८ मध्ये अनुदान आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ पत्रिका काढून टाकाव्या लागल्या. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून केअर यादीचं, म्हणजे आयोगाच्या मान्य पत्रिकांच्या नव्या यादीचं, काम चाललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचं जाहीर केलं आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपवली. म्हणजे आता प्रत्येक प्राध्यापकाला स्वतः पारख करता यायला हवी. परीक्षणाआधीच शुल्क, आठवड्याच्या आत स्वीकृती, एकाच अंकात मराठी कवितेपासून मृदाशास्त्रापर्यंत सगळं, आणि कुणी ऐकलेल्या नाहीत अशा संस्थेने दिलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (पत्रिकेतल्या लेखांचे संदर्भ किती दिले जातात याचा आकडा) या खुणा पुरेशा बोलक्या आहेत. जास्त धोक्याची असते ती खऱ्या पत्रिकेच्या नावाने उभी केलेली नकली साइट. तिथे आयएसएसएन खरा असतो, नाव खरं असतं. अशा वेळी मंडळावरच्या एखाद्या संपादकाला त्याच्या विद्यापीठाच्या ईमेलवर सरळ विचारावं. दोन ओळींचं उत्तर सगळा निकाल लावतं.

खुला लेख म्हणजे हक्क सोडलेला लेख नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लेखावर छापला की काय करता येईल, काय नाही ते स्पष्ट होतं. जुने अंक चढवताना मात्र सावध राहावं. भारतीय कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि हक्कांचं हस्तांतर लेखी असावं लागतं. लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. जुन्या पत्रिकांच्या दप्तरात असे करार सहसा नसतात. म्हणून हयात लेखकांना आणि वारसांना पत्र लिहून परवानगी घ्यावी, आणि नव्या लेखासोबत एका पानाचा करार पहिल्या दिवसापासून घ्यावा.

टिकवण्याचं काम

२००० ते २०१९ या काळात १७६ खुल्या संशोधनपत्रिका इंटरनेटवरून पूर्ण नाहीशा झाल्याचं एका अभ्यासात आढळलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत ७४ लाखांहून अधिक डीओआय तपासले गेले. सुमारे २८ टक्क्यांची प्रत कुठल्याही ओळखीच्या जतनयंत्रणेत सापडली नाही. डीओआय असणं आणि लेख टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसतं. छापील पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात आणि ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा १९५४ चा आहे. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या पत्रिकेला तो आधार नाही.

ओजेएस वापरणाऱ्यांना ते बनवणाऱ्या पीकेपी (पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट) या गटाचं जतनजाळं फुकट आहे. आयएसएसएन हवा, निदान एक लेख प्रसिद्ध झालेला हवा. प्लगइन चालू करून अटी मान्य केल्या की अंकाच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या संगणकांवर साठत जातात आणि एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. ओजेएस नसेल तर प्रत्येक अंक झेनोडोवर आणि इंटरनेट अर्काइव्हवर ठेवावा, शिवाय एक प्रत संस्थेबाहेरच्या हार्ड डिस्कवर.

डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्यावं. ते एखाद्या उत्साही सहसंपादकाच्या खासगी खात्यावर असतं, तो माणूस नोकरी बदलतो, नूतनीकरणाची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात, आणि मुदत संपल्यावर डोमेन दुसराच कुणी विकत घेतो. नूतनीकरण एकदम पाच-दहा वर्षांचं करून ठेवता येतं. पासवर्डांची आणि तारखांची यादी किमान दोघा पदाधिकाऱ्यांकडे असावी.

पत्रिका बंद पडणार असेल, आणि पत्रिका बंद पडतात, तर क्रम असा ठेवावा. बंद होत असल्याची तारखेसह सूचना मुखपृष्ठावर. सर्व अंकांचा शेवटचा संच दोन भांडारांत. मग क्रॉसरेफकडच्या प्रत्येक डीओआयचा पत्ता भांडारातल्या पानाकडे वळवणं. आयएसएसएन केंद्राला कळवणं. जुनं डोमेन त्यानंतर किमान दोन वर्षं चालू ठेवून तिथून भांडाराकडे वळण द्यावं, कारण जुन्या संदर्भयाद्यांत तोच पत्ता छापलेला असतो.